बालकेर्नचे वासे

आमच्या खोऱ्यात जमीनदाराला कोणी नावाने हाक मारत नाही, त्याच्या जमिनीच्या नावाने मारतात. त्यामुळे गिल्बर्ट इर्विन हा बारशाच्या दिवसापुरता गिल्बर्ट होता. पुढे बाजारात, चर्चमध्ये, बायकोच्या तोंडी आणि शेवटी राजाच्या हुकमातही तो ‘बालकेर्न’च राहिला. जमीनदार म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांसमोर मनोरे आणि मेजवान्या येत असतील तर त्या आधी पुसून टाकाव्यात. बालकेर्न म्हणजे ओढ्याकाठचं जाड भिंतींचं एक दुमजली घर, त्याच्याभोवती कुळांच्या झोपड्या, ओट आणि जवाचे दगडाळ तुकडे आणि वर डोंगरात काळ्या गुरांपुरतं कुरण. मालक स्वतः बाह्या सरसावून बांधावर दगडी कुंपण रचत बसायचा. दगड हातात घ्यायचा, फिरवायचा, त्याचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली ते ओळखून बसवायचा. त्यात त्याला जे सुख होतं ते शिकारीत नव्हतं. त्याची बायको एल्स्पेथ म्हणायची, “लग्नात माझ्या मावशीने यांचे हात बघितले आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, पोरी, जमीनदार म्हणून गवंडी तर नाही ना गळ्यात बांधला?”

अशा माणसाने तीन वेळा राजाविरुद्ध शस्त्र उचललं. एकदाही मनात नसताना.

त्याचं मूळ त्याच्या आजोबांत होतं. आजोबांच्या काळात शेजारच्या खोऱ्यातल्या लोकांनी बालकेर्नची गुरं हाकलून नेली, दोन माणसं मारली. राजा दूर दक्षिणेत, त्याच्यापर्यंत ओरड पोहोचायला वर्ष लागायचं. तेव्हा ग्लेनवारीचे त्या वेळचे अर्ल, म्हणजे तिथले मोठे उमराव, धावून आले. गुरं परत आणली, मारेकऱ्यांना शासन करवलं. त्या बदल्यात आजोबांनी त्यांना करारनामा लिहून दिला: बालकेर्न पिढ्यान्‌पिढ्या ग्लेनवारीच्या बाजूने घोड्यावर बसेल, कोणाही विरुद्ध, फक्त राजा सोडून. तेव्हा सगळेच छोटे जमीनदार असं लिहून द्यायचे, आणि ‘राजा सोडून’ हे शब्द सगळ्यांच्याच करारात असायचे. पण उमरावांची माणसं करार वाचून दाखवायला लागली की नेमकी त्याच जागी त्यांना ठसका लागायचा.

पहिल्यांदा अर्ल उठले तेव्हा गिल्बर्टचं नुकतंच लग्न झालं होतं. अर्लचा कारभारी ह्यू मॉब्रे दारात आला आणि म्हणाला, “राजाविरुद्ध कोण म्हणतो? राजाला बिघडवणाऱ्या सल्लागारांविरुद्ध!” गिल्बर्ट गेला. आठवडाभर पावसात भिजला, कोणाच्या तरी बागेतली कच्ची सफरचंदं खाल्ली आणि पोट धरून घरी आला. लढाई झालीच नाही. उमरावांचं वरच्या वर जमलं. गिल्बर्टला मात्र पाद्री डेव्हिडसनने भर चर्चमध्ये अनवाणी उभं केलं आणि बंडखोरीच्या पापावर घशाच्या शिरा ताणून प्रवचन दिलं. दुसऱ्यांदाही तेच सल्लागार आणि तोच कारभारी. त्या वेळी गिल्बर्टला हिवाळाभर शहरातल्या किल्ल्यात कोंडलं. एल्स्पेथ बर्फातून दोनदा जाऊन, याच्या-त्याच्या पाया पडून त्याला सोडवून घेऊन आली. येताना वाटेत ती एवढंच म्हणाली, “त्यांची भूक मोठी आहे, बालकेर्न. आपण त्यांच्या ताटातलं लोणचंसुद्धा नाही.”

त्याला ते पटत नव्हतं असं नाही. पण आजोबांच्या गुरांमागे जे धावले होते त्यांच्या घराण्याला पाठ दाखवायची कशी? आणि पाठ दाखवली तर उद्या गुरांमागे कोण धावणार? इकडे आड, तिकडे विहीर. त्याच्यासारखे पन्नास छोटे जमीनदार तेव्हा ह्याच फटीत अडकून होते, आणि ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांनी त्यांना भित्रं किंवा मूर्ख म्हणू नये.

तिसऱ्या वेळी मात्र रक्त सांडलं. शरद ऋतूत, कापणी उरकल्यावर, एका ओढ्याकाठच्या उतारावर राजाची फौज आणि अर्लचे स्वार भिडले. गिल्बर्टबरोबर त्याचा दूधभाऊ फिनले होता. फिनलेच्या आईने दोघांना एकाच छातीवर वाढवलं होतं. एक पुढे मालक झाला आणि दुसरा कूळ. लोकांसमोर फिनले त्याला ‘धनी’ म्हणायचा, एकटं असलं की ‘अरे गिब’. लढाई अर्लनी जिंकली. बाजूच्या पाच-सहा जमीनदारांनी टोप्या उडवल्या. फिनले घोड्याच्या पायातला काटा काढत म्हणाला, “जिंकलो म्हणे. आता राजा स्वतः येईल. गाढवाने सिंहाला लाथ मारली की गाढवाने नाचायचं नसतं, पळायचं असतं.”

झालं तसंच. राजा स्वतः उत्तरेत उतरला, बरोबर तोफा, सुरुंगाची दारू आणि पहारी घेतलेले गवंडी. ग्लेनवारीचे अर्ल? ते एका सकाळी जहाजात बसून समुद्रापार निघून गेले. करारनाम्यात त्यांच्या घराण्याने ‘रक्षण करीन’ असं लिहून दिलेलं होतं, पण जाताना त्यांनी मागे वळून एक शब्दही पाठवला नाही. रेड्यांची टक्कर संपली आणि झाडांवर काळ आला.

शहरातल्या बाजारात, दगडी खांबापाशी, राजाच्या निरोप्याने बालकेर्नचं नाव घेऊन तीनदा शिंग फुंकलं. आमच्याकडे ज्याच्या नावाने शिंग फुंकलं तो जिवंतपणी मेल्यात जमा. त्याला जेवू घालणारा गुन्हेगार. त्याची गुरं, भांडी, दाणे ज्याला सापडतील त्याने राजाच्या नावाने उचलावे, कोणी विचारणार नाही. आणि घर? घर पाडून जाळायचं, त्याच्या धुराड्यातून पुन्हा धूर निघता कामा नये, असा हुकूम होता.

भिंती पाडल्या तर पुन्हा रचता येतात, त्यातही गिल्बर्टला हौसच होती. भीती होती ती आगीची, कारण छपराच्या तुळया आणि वासे ओकचे होते. आमच्या खोऱ्यात झाडं म्हणजे कमरेएवढी खुरटी बर्चं. घरावर घालण्याजोगं लाकूड कुठे उगवतच नाही. ते ओक गिल्बर्टच्या आजोबांनी दूरच्या रानातून आणले होते, आणि कुळांच्या आजोबांनी ते खांद्यावर घेऊन दोन डोंगर ओलांडले होते. ते जळले की बालकेर्नवर पुन्हा छप्पर चढणार नव्हतं. घर नाही तर जमीन राजाच्या कोणा खुषमस्कऱ्याला जाणार, कुळं देशोधडीला लागणार, आणि गिल्बर्ट इर्विन नुसता गिल्बर्ट इर्विन म्हणून कुठल्या तरी परक्या दारात मरणार.

तो स्वतः तेव्हा डोंगरावर लपला होता. उन्हाळ्यात गुरं घेऊन वर जाणाऱ्या पोरी ज्या झोपडीत राहतात, तिथे. शरदात ती रिकामी असते. खायला ओटचं पीठ, ते ओढ्याच्या पाण्यात कालवायचं आणि गिळायचं. जाळ करायची सोय नव्हती, धूर दिसला असता. एके दिवशी सकाळी पूर्वेकडे धूर दिसला तेव्हा त्याने ओळखलं, शेजारच्या जमीनदाराचं घर गेलं. आता आपली पाळी. तो घोंगडी गुंडाळून कड्याच्या टोकावर आला आणि हेदरच्या झुडपांत पालथा पडून खाली बघू लागला.

खाली राजाची माणसं अजून आलीच नव्हती. पण त्याच्या घराच्या छपरावर माणसं चढलेली होती.

आधी त्याला वाटलं, नजरेचा खेळ. मग त्याने फिनलेची लाल दाढी ओळखली. फिनले आढ्यावर घोड्यासारखा बसला होता आणि शाकारलेलं हेदर दोन्ही हातांनी उपटून खाली फेकत होता. त्याच्यामागे त्याचा मेव्हणा, गिरणीवाला, खालच्या वाडीतले दोघे भाऊ. वासे मोकळे करत होते, दोर लावून खाली सोडत होते. खाली बायका होत्या. कोणी दार उचलून नेत होती, कोणी खिडकीची फळी. शिंग फुंकलं गेलं होतं ना! आता कोणीही यावं, काहीही न्यावं.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. गिल्बर्ट ते डोळ्यांनी बघत होता. दुष्काळात ज्याचा खंड त्याने माफ केला होता, ज्याच्या बायकोच्या बाळंतपणात एल्स्पेथ रात्र रात्र बसली होती, ती सगळी तोंडं त्याने एकेक करून ओळखली. आणि फिनले! एकाच आईचं दूध प्यायलेला फिनले सगळ्यांच्या पुढे. गिल्बर्टने तलवारीच्या मुठीला हात घातला. राजाच्या हातून मरायचंच आहे तर आधी त्या लाल दाढीचा हिशेब करू, असं म्हणून तो गुडघ्यांवर उठलासुद्धा.

तेवढ्यात एल्स्पेथ दिसली. ती बियरचं मडकं घेऊन घरामागून आली, आणि तिने ते शिडीवरच्या माणसाला दिलं. मग कमरेवर हात ठेवून, वर बघून तिने काहीतरी ओरडून सांगितलं आणि फिनलेने मान हलवून डावीकडची तुळई सोडली, उजवीकडची धरली.

गिल्बर्ट मट्‌कन खाली बसला. बायकोही सामील? त्याला काही कळेना, आणि कळेना म्हणून संताप आणखी वाढला. पण त्याच वेळी वळणावर घोडेस्वार दिसले, मागे पहारी आणि दारूची पिंपं लादलेली गाडी. त्याला पुन्हा पालथं पडणं भाग होतं. दुपारभर तो तसाच पडून राहिला. खाली माणसं बोलत होती, हातवारे करत होती, काळ्या झग्यातला पाद्रीही मध्येच कुठून तरी उगवला. मग गवंड्यांनी घराच्या एका कोपऱ्याला पहारी लावल्या, जिन्याचा तेवढा भाग ढासळला, धुरळा उडाला. आणि स्वार निघून गेले. ना स्फोट, ना आग. घराच्या भिंती उघड्या तोंडाने आभाळाकडे बघत तशाच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्स्पेथ शेळी शोधायच्या निमित्ताने वर आली. शालीखाली चीज आणि ओटच्या भाकऱ्या. गिल्बर्टने खाण्याला हात लावला नाही.

“फिनलेने चांगला वाटा उचलला का?” त्याने विचारलं. “की तूच काढून दिलास?”

एल्स्पेथला आधी समजलंच नाही. मग तिच्या लक्षात आलं. ती दगडावर बसली आणि इतकी हसली, की हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पाणी हसण्याचं राहिलं नाही.

“तुम्ही वरून बघत होता? आणि तुम्हाला वाटलं, लुटतायत?”

“मग काय वाटायला हवं होतं?”

“ते भाकरी खात खात ऐका. रिकाम्या पोटी तुम्हाला काहीच समजत नाही.”

आणि तिने सांगितलं ते असं. शेजारचा धूर दिसताच फिनले सगळ्यांना घेऊन दारात आला. म्हणाला, “बाई, जळायला काही नसलं तर जाळणार काय?” आमच्याकडे कूळ एका जमिनीवरून दुसरीकडे गेलं की झोपडीच्या भिंती सोडून जातं आणि वासे खांद्यावर घेऊन जातं. लाकूड इतकं दुर्मिळ, की ते ज्याने वाहून आणलं त्याचं. भिंत मालकाची, लाकूड कुळाचं, ही पिढ्यांची रीत. अर्थात ती झोपड्यांची रीत, मालकाच्या घराची नव्हे. पण दक्षिणेतून आलेल्या स्वाराला हा फरक कोण सांगणार होतं?

“स्वारांचा तो कॅप्टन आला,” एल्स्पेथ म्हणाली, “आणि बघतो तर घराला डोकंच नाही. म्हणतो, हे काय चाललंय? फिनले टोपी काढून पुढे. साहेब, मालक बंडखोर, मालकाचं गेलं ते गेलं. पण लाकूड आमचं. आमच्या आजांनी वाहून आणलेलं. राजा न्यायी आहे, गरिबाचं लाकूड जाळणार नाही.”

“आणि त्याने मानलं?”

“छे! तो काय काल जन्मला होता? म्हणाला, तुमच्या पाद्र्याला बोलवा, तो सांगेल खरं काय ते.”

गिल्बर्टच्या हातातली भाकरी थांबली. पाद्री डेव्हिडसन! ज्याने त्याला अनवाणी उभं केलं होतं. ज्याच्या लेखी ग्लेनवारीचा प्रत्येक माणूस सैतानाचा चुलतभाऊ होता.

“पाद्री आला. वर बघितलं, खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं.  मग म्हणाला, ‘कॅप्टन, मी या खोऱ्यात पंधरा वर्षं आहे. इथे कूळ निघालं की वासे घेऊन निघतं. लाकूड वाहणाऱ्याचं, ही इथली रीत आहे, देवाशपथ.’ आणि मग त्याला जो खोकला आला तो कॅप्टनने पुढचं विचारेपर्यंत थांबला नाही.”

“खोटं बोलला?”

“एक अक्षर खोटं नाही. अर्धं सांगितलं आणि उरलेलं अर्धं खोकला.”

कॅप्टनने मग भिंतींना सुरुंग लावायची तयारी केली. पण पुढे आणखी चार घरं उडवायची होती आणि पावसाने निम्मी दारू भिजलेली. त्याच्या गवंड्याने भिंतीवर हात मारून पाहिला आणि म्हणाला, “छप्पर नसलेलं घर ते काय घर? दोन हिवाळे जाऊ द्या, बर्फच पाडेल.” एक कोपरा पाडून त्यांनी हुकूम पाळला. वर एल्स्पेथने हेही सांगितलं, की सगळ्यात जड तुळई ओढ्यापार न्यायला माणसं कमी पडली तेव्हा राजाच्याच दोन शिपायांनी तिला खांदा दिला.

गिल्बर्टने तोंड घोंगडीत खुपसलं. काल दुपारी तो खाली धावला असता तर? फिनलेच्या पाठीत तलवार घातली असती. राजाच्या माणसांनी त्याला तिथेच पकडलं असतं, आणि हा मालकाचा डाव आहे हे कळून लाकडासकट कुळांच्या झोपड्याही पेटवल्या असत्या. पोटात उरलेला राग त्याने भाकरीबरोबर गिळला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ओटची कोरडी भाकरी गोड लागली.

त्याला माफी मिळायला पुढचं अख्खं वर्ष गेलं. एल्स्पेथचा भाऊ जामीन राहिला, मग शिंगाचा हुकूम मागे घेतला गेला आणि गिल्बर्ट बालकेर्नला परतला. घरात कावळ्यांनी घरटी केली होती. चुलीपाशी अंगाला खाज आणणारी रोपटी उगवली होती. तो आणि एल्स्पेथ फिनलेच्या धान्याच्या खोपीत राहू लागले, आणि झोपताना वर बघितलं की गिल्बर्टला आपलीच तुळई दिसायची. सगळ्या वाडीत तसंच होतं. कोणाच्या गोठ्यावर, कोणाच्या गिरणीवर त्याचे वासे चढलेले. पहिल्याच हिवाळ्यात ते तिथे उपयोगी पडले होते, त्यांच्याखाली गुरं वाचली होती. आता ते परत मागायचे कोणत्या तोंडाने? त्याने मागितले नाहीत. तो मुकाट्याने पडलेला कोपरा रचत बसला.

कोपरा रचून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर फिनले ओरडला, “धनी, उठा! पाहुणे आलेत.”

ओढ्याच्या बाजूने ते येत होते. खांद्यांवर वासे, एकेका तुळईला सहा-सहा माणसं, मागे बायकांच्या डोक्यांवर हेदरचे भारे. ज्यांनी गोठे उघडे केले होते त्यांनी त्यावर गवताच्या पेंढ्या टाकल्या होत्या.  एकेक जण येई, लाकूड भिंतीला टेकवी, टोपी सारखी करी आणि बाजूला उभा राही. बेसी नावाची विधवा मात्र मोकळ्या हातांनी आली. तिचा नवरा हिवाळ्यात गेला होता. शवपेटीला फळ्या नव्हत्या म्हणून तिने तिच्याकडचा वासा चिरून घेतला होता.

“धनी, मी तुमची चोर,” ती म्हणाली.

“तुझ्या नवऱ्यानेच तो इथून उचलून वाचवला ना?” गिल्बर्ट म्हणाला. “मग त्याच्या डोक्यावर तोच शोभतो. राहू दे.”

त्या वाशाच्या जागी दोन बर्चं जोडून बांधली. छप्पर तिथे जरा बसलं ते कायमचंच. संध्याकाळी सगळ्यांना जवाचं कढण, चीज आणि बियर गिल्बर्टने स्वतः वाढली. त्याने प्रत्येकाचा हात हातात घेतला आणि सोडायचं विसरत गेला. फिनलेला त्याने बाजूला घेऊन सांगून टाकलं, “त्या दिवशी मला वाटलं होतं, तू लुटतोयस. तलवारीला हात घातला होता मी.”

“मग?” फिनले म्हणाला. “तुझ्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं, गिब. फक्त मी तिथे झुडपात रडत बसलो नसतो.”

“मी रडत नव्हतो.”

“बरं. मग दव पडलं असेल.”

दोन वर्षांनी अर्लही परत आले. राजाने त्यांना मिठी मारली, जमिनी परत दिल्या, मानाची खुर्ची दिली. मोठ्यांचं असंच असतं. भांडण आपल्या रक्ताने होतं आणि मिठी त्यांच्यात पडते. पण ती मिठीही फार टिकली नाही. एका वसंतात ह्यू मॉब्रे पुन्हा बालकेर्नच्या दारात घोड्यावरून उतरला. केस पांढरे झाले होते, सल्लागार मात्र तेच होते.

“राजाविरुद्ध नाही, बालकेर्न,” तो चुलीपाशी पाय शेकत म्हणाला. “राजाला बिघडवणाऱ्यांविरुद्ध. तुझे स्वार किती येतील तेवढं सांग. आजोबांचा करार विसरला नसशील.”

एल्स्पेथ कातत होती. तिचं सूत तुटलं. नकार दिला तर काय होईल हे तिलाही माहीत होतं. ग्लेनवारीचं छत्र गेलं की आसपासचे लांडगे पहिल्या आठवड्यातच गुरांपर्यंत पोहोचणार. आणि होकार दिला तर तिसऱ्या वेळचंच चौथ्यांदा, आणि या वेळी पाद्र्याचा खोकला पुरला नसता.

गिल्बर्टला पळवाट सुचली. “कुळांना विचारून सांगतो,” तो म्हणाला.

मॉब्रे मोठ्याने हसला. “कुळांना विचारतोस? मग घोड्यांनाही विचार!”

पण गिल्बर्टने खरोखरच सगळ्यांना बोलावलं. ते चिखलाच्या पायांनी, कामं सोडून आले आणि छपराखाली भिंतीला लागून उभे राहिले. गिल्बर्टने मनात सगळं जुळवलं होतं. हे लोक नाही म्हणणार. नकार का देणार नाहीत? सगळ्यांना सगळं आठवत होतं. मग आपण मॉब्रेपुढे हात पसरून म्हणायचं, बघा, माझा नाइलाज आहे, माझी माणसंच येत नाहीत. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

“ग्लेनवारीचं बोलावणं आहे,” तो म्हणाला. “तुम्ही काय म्हणता?”

  मग फिनले पुढे झाला. त्याने कारभाऱ्याकडे बघितलंच नाही.

“अर्लचं बोलावणं अर्लपाशी,” तो म्हणाला. “तू जातोयस का, ते सांग. तू जाणार असशील तर आम्ही येतो.”

“सगळे?” गिल्बर्टने विचारलं.

“सगळे,” गिरणीवाला म्हणाला. खालच्या वाडीतल्या भावांनी माना हलवल्या. बेसीचा एकुलता मुलगा, ज्याला अजून मिसरूड फुटायचं होतं, तोही मान हलवत होता, आणि बेसी त्याला अडवत नव्हती.

मॉब्रेने मांडीवर थाप मारली. “वा! अशी माणसं हवीत. बालकेर्न, भाग्यवान आहेस!”

“आहे,” गिल्बर्ट म्हणाला.

त्याची पळवाट बंद झाली होती. या माणसांनी त्याच्यासाठी घर उतरवून खांद्यावर नेलं होतं आणि परत आणून चढवलं होतं, आणि आता तो म्हणेल तिथे मरायलाही ती तयार होती. त्यांच्या आड लपून नकार द्यायला तो निघाला होता. इतक्या वर्षांत त्याला कशाची लाज वाटली नव्हती इतकी त्या क्षणी स्वतःची वाटली, आणि त्या लाजेखाली असं काही भरून आलं, की क्षणभर त्याला समोरचा मॉब्रे दिसेनासा झाला. मग तो उठला.

“अर्लना सांगा,” तो म्हणाला, “आजोबांच्या गुरांसाठी तुमचं घराणं धावलं, त्याचे उपकार आहेत. ते आम्ही तीनदा फेडले. बालकेर्न येत नाही. माझी माणसं नाही म्हणाली नाहीत, हेही सांगा. मी म्हणतोय.”

 “तुझी गुरं शरदापर्यंत टिकणार नाहीत,” मॉब्रे म्हणाला. तो धमकावत नव्हता, जे व्हायचं ते सांगत होता, आणि पुढे ते बरंचसं तसंच झालं. “मग तुझ्यामागे कोण धावेल?”

 मॉब्रेने हातमोजे चढवले. त्याचा घोडा वळणाआड जाईपर्यंत सगळे दारात उभे होते.

घोडा दिसेनासा झाल्यावर फिनले उंबऱ्यावर धपकन बसला. 

“देवा रे,” तो म्हणाला. “माझ्या चौदा मेंढ्या आज-उद्या व्यायच्या आहेत, गिब. तू हो म्हणाला असतास तर त्यांच्याकडे कोणी बघितलं असतं?”

“मग आधी सांगायचं होतंस!”

“तू विचारलं होतंस का मेंढ्यांचं?”

गिल्बर्ट त्याच्याशेजारी उंबऱ्यावर टेकला. उरलेले एकेक करून कामाला लागले होते. मग तो उठला, बाह्या वर केल्या आणि फिनलेला हात देऊन उभं केलं. त्या दिवशी बालकेर्नचा मालक संध्याकाळपर्यंत आपल्या कुळाच्या गोठ्यात मेंढ्यांची बाळंतपणं करत होता.